साटीन

आमंत्रणाच्या तळाशी बारीक अक्षरांत होतं : ब्लॅक टाय.
मम्मीनं कपाटातून काळा टाय काढून दिला,
दफनविधीला जायचा,
डांबरगोळ्यांच्या वासाचा.
'आहे की घरात. कशाला खर्च?'

पप्पा पेपरातून मान वर न करता म्हणाले,
'टाय नाही गं. टक्सिडो म्हणायचंय त्यांना.'
घोरपडीच्या आमच्या दोन खोल्यांत
हा शब्द पहिल्यांदाच आला
आणि पप्पांच्या तोंडात तो
चहासारखा सवयीचा होता.

फाटक लागलेलं. मालगाडी संपेचना.
स्कूटरवर मागे बसून पप्पा डबे मोजत होते,
मी फोनवर भाडी बघत होतो,
एका रात्रीचे अडीच हजार, धुलाईसकट.
'भाड्याचा नको,' ते म्हणाले.
'अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या मापाचा घातलाय मी.'
मग त्यांचा आकडा चुकला,
आणि फाटक उघडलं.

कॅम्पात, भोपळे चौकाच्या अलीकडे,
लतीफ मास्टरांच्या दुकानात पंखा होता, वारा नव्हता.
पुस्तकात तीन कॉलरी होत्या.
मी पहिलीवर बोट ठेवलं, खाचेच्या,
ओळखीची वाटली म्हणून.
'ती नाही,' पप्पा म्हणाले. 'ती आमची.'

त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही.
काळा नको, दिव्याखाली हिरवट मारतो,
रात्रीचा निळा काढा, तो काळ्याहून काळा दिसतो.
पँटीला एकच पट्टी.
बाही मनगटाच्या हाडापर्यंत, खाली शर्ट अर्धा इंच.
'ग्लास उचलताना बाही वर पळाली
की कळतं, हा पहिल्यांदाच आलाय.'
मास्टर चष्म्यावरून बघत राहिले.
'कुठल्या क्लबचे मेंबर होता, साहेब?'
'मेंबर नाही. ट्रे.'

मास्टरांनी साटीनचा तुकडा पुढे केला.
पप्पांनी तो दोन बोटांत धरला
आणि बराच वेळ परत दिला नाही.
'एवढाच फरक,' ते मास्टरांना म्हणाले, मला नाही.
'तसाच कोट, तसाच बो, बूट तर त्यांच्याहून चकचकीत.
फक्त कॉलरीला हे नव्हतं.
नाहीतर गर्दीत हाक कुणाला मारायची?'

तो कोट दारामागच्या खिळ्याला असायचा.
सातवीत मी तो घालून फॅन्सी ड्रेसला गेलो, जादूगार म्हणून,
बाह्या आत दुमडून, खिशात पत्ते.
दुसरा नंबर आला.
कोट कुणाचा, बाईंनी विचारलं.
भाड्याचा, मी म्हणालो.
हे पप्पांना ठाऊक आहे की नाही,
मला ठाऊक नाही.

दहा दिवसांनी ट्रायल.
हुकवाला बो त्यांनी काउंटरवरच ठेवला.
'तयार बो सरळ बसतो. खरा जरा वाकडा असतो.'
माझ्यासमोर उभं राहून त्यांनी गाठ मारली,
न बघता, हनुवटीला बोट न लावता.
तर्र झालेल्या किती साहेबांचे बो
त्यांनी असेच पुन्हा बांधून दिले असतील
फोटोआधी.
मग त्यांनी डावी बाजू मुद्दाम
किंचित खाली ओढली.

आरशात निळा माणूस होता.
मागे दोन पावलं सरकून पप्पा उभे,
डावा हात पाठीशी, नजर माझ्या खांद्याच्या वर कुठेतरी.
'पप्पा, हात पुढे घ्या ना.'
त्यांनी घेतला.
मग काय करायचं त्या हाताचं, ते त्यांना सुचेना.
शेवटी माझ्या खांद्यावरचा दोरा उचलला,
जो नव्हता.

मास्टर खडू घेऊन वाकले. 'आत खिसा एकच ना?'
'दोन,' पप्पा म्हणाले.
'एक फोनला. एक सुट्ट्याला.
वेटर समोर उभा असताना
याला चाचपडायला लागू नये.'