खिळ्याचं भोक

हातोडी माझ्या ताब्यात असते.
दांड्याला निळी चिकटपट्टी आहे. चीर पडली म्हणून
माझ्या आधीच्या शिपायानं ती गुंडाळली,
नंतर कुणी काढली नाही.

प्रबंध छापून आला की माणसं
जिन्याखालच्या फळीपाशी येतात.
पुस्तकाच्या कोपऱ्याला भोक, त्यातून दोरी,
एक खिळा, आणि ठोक.
झालं जाहीर. आता तीन आठवडे
कुणीही यावं, वाचावं, चुका हेराव्यात,
आणि भर सभेत विचाराव्यात.
इंटरनेट आहे हो, मलाही ठाऊक आहे.
तरी खिळा लागतोच.

बहुतेकांना ठोकता येत नाही.
सहा वर्षं प्रथिनांच्या घड्या मोजलेली मुलगी
पहिल्याच घावाला अंगठा ठेचून घेते.
मी खिशात पट्टी ठेवतो, बोलत काही नाही.
टाळ्या होतात, प्लास्टिकच्या पेल्यांतून वाइन फिरते,
सांडलेली मी पुसतो.

इथे दहाचं व्याख्यान सव्वादहाला सुरू होतं.
म्हणतात, पूर्वी पोरांकडे घड्याळं नव्हती,
चर्चची घंटा ऐकायची आणि मग घरून निघायचं.
आता घड्याळ प्रत्येकाच्या मनगटावर आहे
आणि तो पाव तास तसाच आहे.
माझ्या नोकरीत मला सगळ्यात प्रिय तोच.

मे सरता सरता तोफा.
टेकडीवरून धूर येतो, कावळे उठतात,
सायकलींच्या रांगेतली एखादी आडवी होते
आणि मग तिच्या शेजारच्या.
आत लॅटिन चालू.
कुणाच्या डोक्यावर चुण्यांची काळी टोपी,
कुणाच्या डोक्यावर लॉरेलच्या पानांचा मुकुट,
आणि पन्नास वर्षांपूर्वी ज्यांना तो मिळाला होता
त्यांना पुन्हा एकदा.
काहीजण पोहोचत नाहीत.
त्यांच्या खुर्च्या मी आदल्या रात्रीच उचललेल्या असतात,
फट दिसू नये म्हणून बाकीच्या सरकवून.

यंदा सोल्वेग येल्मक्विस्त आल्या. दगडफूल हा त्यांचा विषय.
मुकुट घालूनच जिन्याखाली उतरल्या,
एका हातात काठी, दुसऱ्यात बूट.
"माझं भोक कुठलं?"
मी मधलंच एक दाखवलं. सगळ्यांना तेच दाखवतो.
त्यांनी बोट घातलं, मान हलवली.
"माझं खाली होतं, अल्वार.
आठवा महिना होता. हात वर जाईना.
गाइड म्हणाले, मी ठोकतो.
मी म्हटलं, तुम्ही बाजूला व्हा."

मग मला सांगावंच लागलं
की ही फळी नवी आहे,
जुनी मोडीत निघाली तेव्हा मी घरी नेली,
माझ्या शेडमध्ये तिच्यावर रंगाचे डबे आहेत.

मेजवानीला तीन तास होते.
माझ्या गाडीत त्या पुढे बसल्या,
मुकुट छताला घासत होता.
शेडमध्ये मी डबे उतरवले, विजेरी धरली.
त्या गुडघ्यावर बसल्या, काळ्या रेशमी पोशाखात,
लाकडाच्या भुश्शावर.

खालच्या अंगाला एक भोक नव्हतं.
चार होती.

बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "मला वाटायचं मी एकटीच."
आणि कुठलं आपलं, ते शोधलंच नाही.

परतताना मुलाचं विचारलं मी.
तोफांच्या दिवशी तो तीन आठवड्यांचा होता,
प्रत्येक बाराला दचकायचा,
नवरा त्याला घेऊन नदीकाठी लांब लांब चालत गेला.
आता बंदरावर क्रेन चालवतो.
आज यायचा होता. पाळी बदलून मिळाली नाही.

उतरताना त्यांनी डोक्यावरचं एक पान खुडलं,
माझ्या मुठीत ठेवलं. "गुरुवारच्या सूपात टाका.
हे तेच झाड आहे, कुणी सांगत नाही."

गुरुवारी टाकलं.
वाटाणे, डुकराचं मांस, मोहरी वरून.
चव आली.
पान मात्र चमच्यात आलं, तसं
मी ते काढलं आणि ताटलीच्या काठावर ठेवलं.
बायको म्हणाली, टाकून दे की.
म्हटलं, असू दे जरा.