त्या पुस्तकात गाय नव्हती

शाळामास्तरांच्या बहिणीनं, ग्रिझीनं, वाचून दाखवलं,
हिवाळाभर, रोज रात्री एक प्रकरण.
तिच्या चुलीभोवती आम्ही सातजणी लोकर पिंजत,
आणि एक झोपलेलं पोर.
तीन खंड होते, दक्षिणेहून बोटीनं आलेले,
खारं पाणी लागून कडा फुगलेल्या.

लिहिणारा गृहस्थ मला आठवत होता.
एका उन्हाळ्यात शेटलंडला आला होता, पातळ बुटांचा.
बांधावर बसून विचारायचा,
"ओस्ला, या फुलाला काय म्हणतात? आणि तो पक्षी?"
पाठीवर करंडी, करंडीत दलदलीतल्या जळाऊ मातीच्या विटा,
हातात सुया, सुयांवर अर्धा मोजा,
माणसानं उभ्याउभ्या किती उत्तरं द्यायची?
एका पक्ष्याचं नाव मी खोटंच सांगितलं.
माझ्या थोरल्या मावशीला चिडवायचे ते.
दुसऱ्या खंडात तो पक्षी ओरडला
आणि नायिका रडली.

तिचे केस माझ्यासारखेच तांबडे,
पण कायम मोकळे.
"या वाऱ्यात!" बाबी म्हणाली,
"तासाभरात कात्री लावावी लागेल."
ती अनवाणी कड्यावर उभी राहते,
वाऱ्याची लेक, लाटेची बहीण,
धुक्याची आणखी कोणीतरी.
सगळ्या सृष्टीशी सोयरीक,
माणसांत मात्र तिचं कुणीच नाही.
सकाळी उठून ती काय खाते,
तेही तीन खंडांत कुठं नाही.

वारा माझा कोणी लागत नाही.
दोनदा त्यानं माझं वाळलेलं गवत नेलं,
एकदा अर्धं छप्पर.
मी बोलते त्याच्याशी, नाही असं नाही,
बांधावरून भांडण असलेल्या शेजाऱ्याशी बोलावं तसं.
आणि दलदल मला ओळखते म्हणे!
मी तिला ओळखते, एवढंच.
जिथं हिरवं जरा जास्तच हिरवं,
तिथं पाय द्यायचा नाही.
हे मला आईनं शिकवलं, कानाखाली वाजवून.

आम्ही हसलो. पोर जागं होईतो हसलो.

मग तिसरा खंड.
पौर्णिमा, भरती,
समुद्र तिला नावानं हाक मारतो
आणि ती जाते, हळूहळू, पायरी उतरावी तशी.
पाण्यावर केस पसरतात.
दीड पान.

कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
मार्गिटची इंगा
गळाला लावायचे शिंपले खरवडायला खडकावर गेली होती,
फेब्रुवारीत, आईचे बूट घालून.
समुद्रानं तिला हाक मारली नव्हती.
तो मागून आला.
करंडी सापडली, निम्मी भरलेली,
आणि त्या संध्याकाळी गळ टाकायचे होतेच,
म्हणून ते शिंपले वापरले.

ग्रिझी पुस्तक मिटू लागली.
मार्गिट म्हणाली, "ते पान पुन्हा वाच."
ग्रिझीनं वाचलं.
"पुन्हा."
तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर
लोकरीकडे पाहतच मार्गिट म्हणाली,
"खोटं आहे सगळं.
पण केवढा वेळ थांबलाय तो तिच्यापाशी."

मी कंदील घेऊन गोठ्याकडे निघाले.
त्या उन्हाळ्यात तो गृहस्थ रोज दोन पेले दूध प्यायचा,
शोल्माचं,
आणि पुस्तकात चारही वाऱ्यांना नावं आहेत,
गाय नाही.
शोल्मा उभीच होती, पोटाशी ऊब,
आठवड्याभरात विणारी.
तिच्या कुशीवर हात ठेवला. आतून कुणीतरी लाथ मारली.

परत येताना दारापाशी जरा थांबले.
कुणी बघत नाही असं पाहून
डोक्याचा रुमाल सोडला.

तासाभरात कसला,
लगेचच गुंता झाला.
आत येऊन शेकोटीशी बसले, कंगवा घेऊन,
आणि बाबीनं काही न विचारता
माझ्या हातातून तो काढून घेतला.