सात नंबरचं मशीन

दारखान शहरात रात्री अकराला
गेम सेंटरचं दार आतून लागतं.
बाहेर उणे एकतीस.
आत बारा मशीनं, अकरा ठणठणीत.
सातवं तेवढं गेम उघडला की
रणांगण दाखवायच्या आधीच काळं पडतं,
पंखा मात्र गरगरत राहतो,
पाहुण्याला दारात उभं करून
आत कुणी भांडी आपटत राहावं तसा.

मारलमा खुर्ची ओढते.
स्क्रीन परत येते तेव्हा कोपऱ्यात ओळ असते:
ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं होतं,
आता तो सावरला आहे.

सावरला म्हणे.
आज तिसऱ्यांदा सावरलाय.

आधी सोपे उपाय, कारण खरी लाज सोप्यातच असते.
केबल कार्डात आहे की चुकून मदरबोर्डात?
(मागच्या महिन्यात तीन तास गेले होते त्यापायी.
कुणाला सांगितलं नाही तिने.)
कार्डातच आहे.
मग ड्रायव्हर काढला, मुळासकट,
सेफ मोडच्या त्या ओबडधोबड मोठ्या अक्षरांत.
नवा घातला. काळं.
दोन वर्षांपूर्वीचा जुना घातला.
काळं, पण जरा उशिरा.
‘उशिरा’ हे तिने वहीत लिहून ठेवलं.

कार्ड सीमेपलीकडून आलेलं, सेकंडहँड.
विकणारा शपथेवर म्हणाला होता,
एका बाईंचं आहे, फक्त सिनेमे बघायच्या.
उघडलं तर आतली पेस्ट खडूसारखी भुगा झालेली.
कुठल्याशा शेडमध्ये रात्रंदिवस
आभासी नाणी खणत होतं बिचारं.
तिने आधी रेडिएटरला हात लावला,
अंगातली वीज उतरू दे म्हणून;
या दिवसांत इथे लोकरी बाही हलली तरी ठिणगी पडते.
मग पात्यांवरची कोळशाची काजळी रंगाच्या ब्रशने,
सोनेरी दातांवरचा मळ शाळेतल्या खोडरबराने.

अकरा नंबरपाशी बाप बसलाय. दाशन्याम.
बावीस वर्षं कोळशाचा ट्रक हाकला त्याने,
वाळवंटातून सीमेपर्यंत, रांगेत झोपून, रांगेत जेवून.
गेल्या वसंतात गाडी उलटली.
हाडं जुळली. बोलणं तेवढं राहिलं.
डॉक्टर म्हणाले, सावरलाय.

तिच्या भाषेत ट्रकवाल्याला वेगळा शब्द आहे,
मशीनमधल्याला वेगळा.
तिला यात काहीच दिसणार नाही.
माझ्या मराठीत दोघेही ड्रायव्हर,
त्याला मी काय करू.

दीड वाजता तिने कार्ड परत बसवलं,
खट् वाजेपर्यंत दाबलं,
पॉवरची पिन पुन्हा घट्ट केली.
बटण.
पंखा फिरला. खर्र. थांबून पुन्हा खर्र.
ती स्क्रीनकडे बघत होती.
मागून आवाज आला, गंजलेला, जेमतेम:
“बेअरिंग.”

ती वळली नाही.
वळली असती तर कदाचित
तोही पुन्हा काळा पडला असता.
“कुठलं?” मशीनलाच विचारावं तसं विचारलं तिने.
बराच वेळ नुसता पंखा.
“डावीकडचं.”

शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकाने.
खरखर गेली.
गेम उघडला. बर्फाचं मैदान, एक घोडा,
त्याची अर्धी आयाळ,
मग परत काळं,
आणि कोपऱ्यात नवीच ओळ, नवा आकडा,
तिने आजवर कधी न पाहिलेला.

मारलमाने वही ओढली.
१.५५, एरर बदलला.
वरच्या ओळीत थोडी जागा उरली होती,
तिथे बारीक अक्षरात:
१.४०, बाबा, दोन शब्द.

मीठ घातलेला दुधाचा चहा ठेवायला ती उठली
तेव्हा तो सात नंबरकडे
खुर्ची सरकवत होता.