तोंड रुंद हवं

कणकवलीला, नियाज मुकादमच्या दुकानात
हेल्मेटांच्या रांगेखाली पाच पिशव्या लटकल्यात,
पाठीवर पाणी वाहायच्या,
रिकाम्या, सपाट,
वलांडीवरच्या बोंबलांसारख्या.

तीन लिटरची घ्या मॅडम, सगळे हीच नेतात.

तीन लिटर म्हणजे तीन किलो.
आणि सड्यावर मी बसून चालवतच नाही,
फूटरेस्टवर उभी असते, गुडघे वाकवून,
तेव्हा पाठीवरचं प्रत्येक पाव किलो
माझ्याआधी वळतं.

हेरंब तोरसकरची होती तीन लिटरची.
खिसे सात. एकात शिट्टी.
मोंडच्या उतारावर तो उताणा पडला आणि पिशवी फुटली.
पाठ वाचली त्याची.
पाणी मात्र कातळाने असं पिऊन टाकलं
की आम्ही दोघं नुसते बघत राहिलो,
मिनिटभरात डागसुद्धा गेला.
मग त्याने शिट्टी वाजवून पाहिली.
लांब एक टिटवी ओरडली.

दोन लिटर, मग.
नळीला कापडाचं आवरण हवं,
नाहीतर पहिला घोट बिनसाखरेच्या चहासारखा येतो.
चोच दाताने दाबली की सुटणारी,
धूळ बसू नये म्हणून टोपण,
टोपण हरवू नये म्हणून दोरी.
छातीवरचा पट्टा वरखाली सरकणारा;
हे मी बोलत नाही, सरकवून बघते,
नियाज तेवढ्यात बिलबुक शोधू लागतो.

आणि आतून वाळली पाहिजे.
आमच्याकडची हवा कशाला वाळू देते,
गणपतीपर्यंत चपलांनाही बुरशी.
जुनीत एकदा मी कोकम सरबत भरलं,
हौस म्हणून.
नळी गुलाबी झाली ती झालीच,
दोन उन्हाळे प्रत्येक घोटाला आमसुलाचा वास.

तीच पिशवी होती गेल्या एप्रिलात,
पडेलच्या सड्यावर, दुपारी पावणेदोनला,
जेव्हा ओढलं आणि नुसती हवा आली.
पोटऱ्यांत गोळे. गाडी स्टँडला लावता येईना,
हळूच आडवी घातली वाळल्या गवतावर.
झाड नाही. सावली फक्त गाडीची, ती तापलेली.

एक बाई आली, डोईवर कळशी.
विहीर कुठे होती तिलाच ठाऊक.
"पाणी व्हया?" म्हणाली.
"मगे मागूक काय झाला?"

मी पिशवी पुढे केली.
तिचं तोंड पाच रुपयाच्या नाण्याएवढं.
बाईने कळशी कलती केली,
जपून, तेलवाल्यासारखी धार बारीक धरून,
तरी अर्धं पाणी माझ्या मनगटावरून
जांभ्यात गेलं.
तिने पाहिलं ते.
आता परत किती चालायचं, ते बोलली नाही.
पिशवी उलटीसुलटी करून बघितली फक्त.
"ह्याच्यापेक्षा बाटली बरी."

ह्यातली पूर्ण उघडते कुठली?
नियाज मागची काढतो,
करडी, धूळ बसलेली, सगळ्यात स्वस्त.
वरची पट्टी सरकवली की अख्खी उघडी,
मासळीच्या पिशवीसारखी.
मी मूठ आत घालते.
मूठ जाते. मनगटही, बांगडीसकट.
"बर्फ टाकायला सोयीची," तो म्हणतो.
हो, म्हणते मी.
"निळी सोमवारी येईल."
नको.

घरी मोरीत उभी राहून
कळशीनेच भरून पाहिली.
चार थेंब सांडले, पायावर.
चालेल.

मग ओतून टाकली कुंडीत,
आत लाटणं उभं घालून
दोरीवर उलटी टांगली.
सकाळपर्यंत वाळणार नाही, माहीत आहे.
रविवार अजून तीन दिवसांवर,
आणि पडेलच्या त्या बाईचं नाव
मी विचारलंच नव्हतं.