दोन टोकनं

उद्यमबागेतून रात्रपाळी सुटून
अनगोळला पोचलो तेव्हा साडेसहा,
नाकात अजून कोकचा वास.
स्वयंपाकघरात रेणू दहावीचं विज्ञान घेऊन बसलेली,
पायाशी इडलीच्या पिठाचा डबा,
त्याला माझं जुनं जर्किन गुंडाळलेलं.
डिसेंबरात बेळगावचं पीठ असंच,
ऊब दिल्याशिवाय वर येत नाही.

बाबा, तुमची भट्टी आणि माझी पेशी
एकच काम करतात म्हणे.
मी हसलो. चौदाशे डिग्री कुठं
आणि हिचा हात कुठं, थंडीनं बर्फ.

हळू जळतं हो, ती म्हणाली.
साखरेचा एक रेणू, म्हणजे मी नव्हे,
आधी त्याचे दोन तुकडे. त्याला हवा लागत नाही,
पण हाती पडतात फक्त दोन टोकनं.
टोकन हा शब्द माझा. आमच्या कॅन्टीनची पितळी टोकनं:
दिलं की चहा,
आणि संध्याकाळी तेच टोकन पुन्हा खिडकीत.
पेशीतपण तसंच, म्हणाली,
एकेक टोकन दिवसातून हजारदा फिरतं.
हवा मिळाली तर ते तुकडे तंतुकणिकेत जातात,
पायरी पायरीनं उतरतात,
ज्वाळ नाही, ठिणगी नाही,
खाली पोचेपर्यंत तीसेक टोकनं.
उरतं काय? पाणी आणि कार्बन डायऑक्साइड.
तिनं खिडकीच्या काचेवर हाऽ केलं.
काच धुरकटली.

आणि ब्लोअर बंद पडला तर?
मला तेवढंच विचारता येतं.
ब्लोअर थांबला की लोखंड भट्टीतच थिजतं,
पहारीनं फोडावं लागतं.
एकदा फोडलंय. दोन दिवस.

पेशी थिजत नाही, बाबा. दोनावर चालवते.
आणि माझ्या मांडीकडं बोट केलं.

कंग्राळीचं मैदान. वीस वर्षं झाली.
परशा मुचंडीकरानं खाली दाबून धरलेलं,
तोंडात लाल माती, श्वास पुरेना,
मांड्यांत निखारे भरल्यागत,
तरी पाठ लागू दिली नाही बराच वेळ.
ते दोनावर होतं तर.
हरलो पुढं, ते वेगळं.

दारात गिरिजव्वा, हातात पातेलं.
हिट्ट हुळी बंदैतेन्री?
आलंय की, रेणूची आई म्हणाली,
आणि जर्किनची चेन ओढली.
झाकण उचललेलं, पीठ काठावर.
आत कुणीतरी रात्रभर, हवेवाचून,
तांदूळ-उडदातली साखर खात बसलं होतं
आणि बुडबुडे सोडत होतं,
आमच्यासाठी नव्हे,
आपल्या दोन टोकनांसाठी.

फौंड्रीच्या गेटला कुलूप होतं त्या पाच महिन्यांत
तिनं हा डबा सुरू केला.
किलोला तीस रुपये. गल्लोगल्ली.
मी पंख्याकडं बघत पडलेला.
कसं चाललंय, कुणी विचारलं तर
ती पातेल्यात पीठ ओतता ओतता म्हणायची,
चाललंय.
आता भट्टी पेटलीय, पगार येतो,
डबा काही तिनं बंद केला नाही.

गिरिजव्वा गेली. पळीवरचं पीठ
रेणूनं बोटानं पुसून चाटलं, तोंड वाकडं केलं.
किण्वन दोन मार्कांना येतं, बाबा,
श्वसन पाचांना.

म्हटलं, दोनाचं आधी लिही.