खटका

स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र,
त्यावर पोलादी तारेचे वीतभर पाच तुकडे.
एका टोकाला भिंगरी, दुसऱ्या टोकाला खटका,
मधे तांब्याची नळी, पकडीनं चेपलेली.
मग खटका ड्रॉवरच्या मुठीत अडकवायचा
आणि पाय रोवून ओढायचं, सगळ्या अंगानं.
एकदा मूठच उपटून आली. लीडर टिकला.
मूठ मी अजून बसवलेली नाही.

तार का, तर हौकीचे दात.
नुसता तंगूस तो असा कापतो
की हिसकासुद्धा कळत नाही,
हातातलं वजन तेवढं जातं.
खटका का, तर माझी बोटं.
सार्कियार्वीवरचं बर्फ जाऊन आठवडा झालेला,
पाणी सहा अंश,
करंगळी संधिवातानं आधीच रुसलेली.
मारून बघा गाठ अशा बोटांनी,
डुलत्या होडीत, चष्म्यावर तुषार.

इल्पो मारायचा.
दर आमिषाला नवी निरगाठ,
सात वेढे, थुंकी लावून, दातांनी आवळलेली.
ढग आला की पितळी चमचा काढून काळा लावायला घ्यायचा
आणि काळा लागेपर्यंत ढग गेलेला असायचा.
मी म्हणायचे, खटका लाव की, क्षणात बदलता येईल.
तो म्हणायचा, क्षणात सुटतं त्यावर मी मासा टांगत नाही.
असे खटके उडायचे आमचे,
चारी बाजूंना पाणी,
तरातरा उठून जायलाही जागा नाही.

एकतिसाव्या वर्षी गेला, तेव्हा मात्र वेळ लागला नाही.
दोन खोकी, एक करवत,
आणि कॉफीची किटली, जी माझी होती.
आता समोरच्या काठावर असतो.
शनिवारी त्याच्या सौनाचा धूर दिसतो.
वारा इकडचा असला तर बर्चचा वाससुद्धा येतो,
पण वारा बहुधा तिकडचा असतो.

परवाच्या मंगळवारी रात्रीचे नऊ,
ऊन अजून लव्हाळ्यांवर.
होडीच्या कडेला फोमच्या पट्टीत
आमिषं ओळीनं टोचलेली.
टक्, लाल चमचा निघाला. टक्, हिरवा जिग लागला.
पाणी काळवंडलं, टक्, पिवळा.
पाच मिनिटांत चार बदल, इल्पोचा एक झाला नसता.
मग तो लाकडी हातात आला.
त्यानंच कोरलेला, डोळ्याच्या जागी खिळा,
पोटावर कुठल्याशा हौकीचे जुने दात.
खोक्यात राहून गेला होता, की ठेवून गेला होता,
मी विचारलं नव्हतं.

लावला, फेकला,
आणि हवेत असतानाच उमगलं
की या वेळी टक् ऐकू आलं नव्हतं.
दोरा मधेच ढिला पडला. मासा एकटाच पुढे निघाला,
उन्हातून, माझ्या कुठल्याही फेकीपेक्षा लांब.
दोरा नसला की वस्तू एवढी लांब जाते?
खटका रिकामा परत आला,
तोंड उघडं, काही बोलायचं राहिल्यासारखा.
लाकूड तरंगतं. बराच वेळ दिसत होतं.
वल्ही हाताशी होती. मी मारली नाहीत.

शुक्रवारी धक्क्याच्या खुंटावर तो टांगलेला.
चिठ्ठी नाही. नाकाशी वीतभर तंगूस,
सात वेढ्यांची निरगाठ,
शेपूट नेहमीसारखं नको तितकं लांब सोडलेलं,
दुसऱ्या टोकाला बोट जाईल एवढा फास.
तंगूस हौकीपुढे टिकत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे.
म्हणजे हे मासेमारीसाठी नसावं,
किंवा त्यानं विचारच केला नसेल.
इल्पोच्या बाबतीत दोन्ही होऊ शकतं.

कात्री घेतली, आणि परत ठेवली.
तीनतोंडी गळ तेवढे पकडीनं काढले.
ड्रॉवरच्या रिकाम्या भोकातून एक लीडर बाहेर ओवला,
भिंगरी आत अडली, बाहेर खटका,
खटक्यात त्याचा फास. टक्.
उघडून पुन्हा लावला, नीट ऐकून.

चमचे, कात्र्या, पकड, सगळं त्याच ड्रॉवरमध्ये.
दिवसातून दहा वेळा ओढते.
अजून तरी टिकलंय.