कुठंतरी पाणी मुरतंय

आमच्या परळच्या चाळीत नळ चारला यायचा.
सदुसष्टच्या डिसेंबरातल्या त्या पहाटे
आई नळाला दुसरी कळशी लावत होती,
तेवढ्यात भरल्या हंड्यातलं पाणी थरथरलं.
वर्तुळं काठापर्यंत गेली, परत आत आली.
"कुणी गं पाय लावला हंड्याला?"
मग फळीवरचे डबे बोलायला लागले
आणि दिवा गेला.

दिवा कोयनेचा होता.
धक्काही तिथलाच.
आईचं माहेरही, हेळवाकच्या अलीकडं.
मामाचं पत्र तेराव्या दिवशी आलं, तीन ओळींचं.
दोन ओळींत माणसं.
तिसरी: धरण शाबूत आहे.

पुढे मी कुलाब्याला वेधशाळेत लागले.
काजळी धरलेल्या कागदावर सुई रात्रभर फिरायची,
सकाळी तो कागद लाखेत बुडवून
दोरीवर वाळत घालायचा, परकरासारखा.
तीस वर्षं मी धरणीचं धुणं वाळवलं.

लोकांना वाटतं, पाण्याचं ओझं होतं.
ओझं असतंच, पण तेवढंच नाही.
पाणी उतरतं. भेगेतून भेगेत,
कोस दोन कोस खोल,
जिथं दोन कातळ एकमेकांचा हात
आवळून बसलेत कित्येक पिढ्या.
पाणी त्यांचं भांडण लावत नाही,
भांडण जुनंच असतं.
ते फक्त हात ओले करतं.

मृण्मयी माझ्या हाताखाली शिकली,
आता ती तिकडे कातळात भोकं पाडून कान लावते.
मध्यरात्री मला फोनवर ठिपके पाठवते,
एकचा, दीडचा, पुन्हा एकचा,
फोडणीत मोहरी तडतडावी तसे.
कधी त्यामागून मोठा येतो.
कधी नुसतीच मोहरी.

सोसायटीचे सेक्रेटरी पोंक्षे विचारतात,
"तारीख सांगा ना बाई, पूजा ठरवायचीय."
मी सांगते: तलाव भरभर चढला की,
नाहीतर उतरायला लागला की,
त्या एवढ्याशा पट्ट्यात,
चारच्या आसपासचा,
बहुतेक.
"बहुतेक?" पोंक्षे हसतात.
त्यांना काय सांगू,
या एका शब्दापर्यंत यायला
आम्हाला पन्नास वर्षं लागली.

आता भांडुपला नळाला भातसाचं पाणी येतं.
तिथंही भिंत बांधल्यावर
जमीन काही काळ कुरकुरली होती,
ते कागद मीच वाळवलेत.
पाणी गोड आहे. मी पिते.

आईचा हंडा मोडीत घातला नाही.
भरून ठेवते खिडकीशी, उघडा.
महापालिकेचा माणूस येतो बॅटरी घेऊन,
"डास होतात, आजी. ओता."
खरंच होतात.
मी मोरीत हंडा उपडा करते.
तो वहीत खूण करून निघून जातो
आणि मी तिथंच उकिडवी बसून
पाणी खाली, आणखी खाली जाताना
ऐकत राहते.